पद्मिनी, फियाट, जुनी जीप बाळगणाऱ्यांनी हे जरूर वाचा

१९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तो आपल्याच जिल्ह्यात. उसाचा रस आणि मळीपासून होणारं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, म्हणून तक्रार नाही. पण कार्बोरेटरची गाडी त्यासाठी तयार करावी लागते.

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला (ई-२०) साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट मात्र ठरलेल्या भोकाचा, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. पिकअप अडखळतो, इंजिन तापतं, प्लग पांढरट दिसतो. अशा वेळी मेन जेट एक नंबर मोठा टाका आणि पुन्हा प्लग बघा. टायमिंगला त्याआधी हात लावू नका.

माझ्या मते पहिला खर्च मात्र रबरावर करावा. जुने होज, पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटच्या सुईचं टोक इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. गळणारं पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडलं तर आग लागू शकते! इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, म्हणजे व्हायटॉनचे, भाग मागून घ्या.

टाकीतला जुना चिकटाही सुटून येतो, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात.