ठसा घरचा, आहेर मायेचा



गेल्या उन्हाळ्यात गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे एका घरी शेणखताचा खड्डा उपसण्याचे काम चालू होते. मी पडलो शेतीखात्यातला माणूस. खत मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. खत छान काळे, भुसभुशीत झाले होते. पण प्रत्येक फावड्याबरोबर लाल-सोनेरी चकचकीत तुकडे वर येत होते.

"गणपतीत आलेल्या आहेरांचे कागद ते," घरच्या काकू म्हणाल्या. "अंगणात टाकले तर गुरे तोंड घालतात, म्हणून खड्ड्यात टाकले."

आठ महिने उलटले होते. पेंढा कुजला, केळीची पाने कुजली, पण त्या कागदाचा सोनेरी रंगही उतरला नव्हता. कसा उतरणार? असला कागद पुष्कळदा नावाचाच कागद असतो. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याला धातूचा मुलामा दिलेला असतो. तो खतात कुजत नाही, रद्दीवाला घेत नाही आणि गाईच्या पोटात गेला तर पचत नाही, आतच साचून राहतो.

मी हे सांगितले तेव्हा काकू हसून म्हणाल्या, "मग काय, आहेर उघडाच न्यायचा?"

प्रश्न रास्त होता. हौसेला मोल नाही हे खरे, पण ती हौस घरातल्या घरात भागवता येईल का? येईल, आणि सुंदर भागेल. त्यासाठी हवा साधा खाकी कागद आणि घरी केलेला रबराचा ठसा.

ठसा आपल्या घराला नवा नाही. गौरी येतात तेव्हा पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून जमिनीवर पाऊल उमटवतो, तो ठसाच. लग्नघरी भिंतीवर हळदीकुंकवाचे हात उमटतात, तेही ठसेच. जुन्या पत्रांत वर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. त्यावरूनच 'शिक्कामोर्तब' हा शब्द आला. ठसा म्हणजे 'हे आमच्या हातचे' अशी खूण.

आता कृती पाहू.

ठसा : सायकलची किंवा स्कूटरची निकामी ट्यूब साबणाने धुऊन वाळवा. तिच्यावर बॉलपेनने आंबा, माड, शंख किंवा कोयरी असा सोपा आकार काढून कात्रीने कापा. आंब्याच्या जुन्या खोक्याच्या फळीचा सुमारे 5 सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा घ्या. लाकूड आणि रबराची पाठ पॉलिश कागदाने खरखरीत करा. दोन्हींवर पंक्चरचे सोल्यूशन पातळ लावून चार-पाच मिनिटे सुकू द्या आणि मग घट्ट दाबून बसवा. रबराची गुळगुळीत बाजू वर ठेवावी.

बारीक नक्षी किंवा अक्षरे हवी असतील तर पाटीसारखे चपटे खोडरबर घेऊन ब्लेडने कोरावे. हे काम मोठ्यांनी करावे, मुलांच्या हाती ब्लेड देऊ नये. मी पहिल्यांदा 'शुभ' कोरले ते सरळच. कागदावर उमटले उलटे! तेव्हापासून मी अक्षरे मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर लिहितो, तो कागद रबरावर पालथा घालतो आणि पाठीमागून चमच्याने घासतो. अक्षरे आपोआप उलटी उतरतात. मग मजकुराभोवतीचे रबर तेवढे काढून टाकायचे.

रंग : शाईचे पॅड चालेल. घरचा रंग हवा असेल तर काव वस्त्रगाळ करून, रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात कालवा. हळद आणि बीट यांचे रंग उन्हात लवकर उडतात. काव ही माती असल्याने तिचा रंग टिकतो. कोकणातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रांत हाच तांबडा रंग आहे. डब्याच्या झाकणात जुन्या सुती कापडाच्या चार घड्या ठेवून त्यावर रंग ओता, की झाले पॅड. रंग फार पातळ झाला तर फुटतो, फार दाट झाला तर नक्षी बुजते. पहिला ठसा नेहमी रद्दीवर घेऊन पाहावा.

कागद : खाकी कागदाला हलक्या घड्या घालून चौकोन पाडा. एका ओळीत चौकोनाच्या मध्यावर आणि पुढच्या ओळीत रेघेवर ठसा मारा. विटांच्या बांधकामासारखी नक्षी दिसते. चिकटपट्टीऐवजी मैद्याची खळ वापरा आणि सुतळीने किंवा केळीच्या सोपाच्या दोरीने बांधा. गाठ सोडली की कागद पुन्हा वापरता येतो.

शुभेच्छापत्र : पोस्टकार्डाएवढा, म्हणजे 14 × 9 सेंटिमीटरचा जाड कागद घ्या. पुण्यात 1940 साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कापडी चिंध्यांपासून केलेला कागद मिळाला तर उत्तमच; नाही तर वहीचा जुना पुठ्ठा आहेच. पाकिटासाठी 21 सेंटिमीटरचा चौरस कापा. त्यावर कार्ड तिरपे ठेवा, आधी बाजूचे दोन कोपरे आत दुमडा, मग खालचा दुमडून खळीने चिकटवा आणि शेवटी वरचा. टोक बाहेर डोकावलेच तर कात्रीने उडवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आंबापोळी, आमसुले, लाडू असा खाऊ द्यायचा असेल तर रंगवलेला कागद खाद्यपदार्थाला लागू देऊ नये. छपाईची शाई पोटात जाणे घातक असते. म्हणूनच 2018 च्या अन्न वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई केली आहे. खाऊ आधी डब्यात किंवा बरणीत भरा आणि ठशाचा कागद वरून गुंडाळा.

श्रावणात पावसाने बाहेरची कामे अडली, की मुलांना घेऊन दोन ठसे करून ठेवा. गणपतीला आलेला चाकरमानी परतेल तेव्हा त्याच्या पिशवीत नारळ-आमसुलांबरोबर घरच्या माडाचा ठसाही मुंबईला जाईल.

आणि इकडे चुकून एखादा ठशाचा कागद खतात पडलाच, तर पडू द्या. उन्हाळ्यात खड्डा उपसाल तेव्हा तो सापडायचा नाही.