बॅटरी उतरली की रेड कार्ड कळतं

"डेटाबेस झोपलाय" असा फोन आला की क्वेरी बघण्याआधी मी रेड कार्डाची बॅटरी बघतो. सीपीयू रिकामा, नेटवर्क ठीक, आणि आयओस्टॅटमध्ये डिस्कच्या ओळीतला शेवटचा आकडा मात्र शंभराला टेकलेला. कार्डाच्या सेटिंगमध्ये 'राइट-बॅक' ठरवलेलं असतं, प्रत्यक्षात चालू असतं 'राइट-थ्रू'. कारण बहुतेक वेळा लर्न सायकल. बॅटरीत किती दम उरलाय हे पाहायला कार्ड तिला स्वतःच उतरवतं आणि पुन्हा भरतं. तेवढा वेळ कॅशचा भरवसा नाही, म्हणून प्रत्येक राइट थेट तबकडीवर.

कार्डाच्या वेगाची सगळी ख्याती या कॅशमुळे आहे. पत्र पेटीत टाकलं की 'पोहोचलं' म्हणावं, तसं डेटा कार्डावरच्या मेमरीत पडला की कार्ड 'लिहून झालं' कळवतं. बॅटरी शाबूत असेल तर त्यात खोटं काही नाही.

कॅश गेली की रेड 5 चं गणित उघडं पडतं. छोट्याशा बदलासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. 7200 आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्याला 8.3 मिलीसेकंद लागतात. सेक्टर वाचून झाला की तोच सेक्टर लिहायला तबकडी पूर्ण फिरून येईपर्यंत थांबायचं. इथे कार्डाचा प्रोसेसर कितीही तगडा असला तरी उपयोग शून्य.

तसा तो तगडा नसतोच. 2010 च्या आसपासच्या बऱ्याच कार्डांवर 800 मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी होता. उलट लिनक्स बूट होताना डीमेसेजमध्ये रेड 6 च्या ओळी बघा: कर्नल एसएसई, एव्हीएक्स2 अशा पद्धती पळवून पाहतो आणि सर्वांत वेगवान निवडतो. आजच्या साध्या सर्व्हरवरही एकाच कोअरचा आकडा सेकंदाला हजारो मेगाबाइटचा असतो. 'पॅरिटीचा भार सीपीयूवर नको' हा युक्तिवाद पेंटियमच्या काळात ठीक होता. आजही तो कोटेशनमध्ये दिसतो, कारण कार्ड विकता येतं, लिनक्समधलं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी, फुकट आहे.

फिरत्या डिस्क आणि सतत एफसिंक करणारा डेटाबेस असेल, तर धडधाकट बॅटरीचं कार्ड एमडीला आजही मागे टाकेल, हे मान्यच. पण एंटरप्राइझ एसएसडीत वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर आतच असतात. बॅटरीचं काम ड्राइव्हनेच उचललं. अशा एसएसडीसाठी काही कार्डवाले स्वतःच राइट-थ्रू सुचवतात! मग कार्डाकडे उरतं काय? एनव्हीएमईचा एकेक ड्राइव्ह पीसीआयईच्या चार लेन घेतो. आठ लेनचं कार्ड मध्ये बसवलं की दोन ड्राइव्हमध्येच रस्ता भरला.

एमडीही आयतं पळत नाही. रेड 5 चं काम मुळात एकाच थ्रेडवर चालतं, ग्रुप_थ्रेड_काउंट वाढवावा लागतो; स्ट्राइप_कॅश_साइझ 256 वर असते, तीही वाढवावी लागते. आणि ऐन राइटमध्ये वीज गेली तर डेटा आणि पॅरिटीचा मेळ चुकू शकतो, त्यासाठी जर्नल किंवा पीपीएल (पार्शल पॅरिटी लॉग) हवं. डेटाबेससाठी मी हा खटाटोप टाळतो: कार्ड आलंच असेल तर एचबीए मोडमध्ये, म्हणजे रेड न करता डिस्क नुसत्या पुढे देणारं, आणि वर एमडीचं रेड 10. मदरबोर्ड जळाला तर त्याच डिस्क दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून एमडीच्या एमडीअॅडम या कमांडला अॅरे जोडायला सांगता येतं. कार्ड जळालं असतं तर आधी त्याच जातीचं कार्ड शोधावं लागलं असतं.