मेणाच्या वडीतली दाढ

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, पेशंटची खुर्ची आणि घूंऽऽ करणारं ड्रिल असतं. हातात पडते ती मेणाची एक वडी, एक पट्टी आणि लेक्रॉन कार्व्हर नावाचं दुतोंडी कोरणं. या वडीतून दात काढायचा. तोंडातून नव्हे, मेणातून.

‘टूथ कार्व्हिंग’ हे प्रात्यक्षिक दंतमहाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आधी वडीवर दाताची आकृती आखायची, मग बाजू तासायच्या आणि शेवटी खाचा-उंचवटे काढायचे. तासभर खपून कोरलेल्या सुळ्याच्या मुळाचं टोक अगदी शेवटी तुटतं. मग सुरी तापवून ते गुपचूप डागायचं. शिक्षक तो दात बोटांत फिरवून एकच प्रश्न विचारतात, “उजवा की डावा?”

बाहेरच्या माणसाला हा प्रश्नच अजब वाटेल. सुट्या दाताला कसली आलीय उजवी-डावी? पण असते. वरचा पटाशीचा दात बघा. सरासरी माप घेतलं तर बाहेर दिसणारा भाग साडेदहा मिलिमीटर उंच आणि साडेआठ रुंद, आणि हिरडीआडचं मूळ 13 मिलिमीटर. म्हणजे हसताना दिसतो त्याहून जास्त दात लपलेला असतो. शेजारच्या जोडीदाराला टेकलेला त्याचा कोपरा जवळजवळ काटकोनी, तर सुळ्याकडचा कोपरा गोलसर. एवढ्यावरून बाजू ठरते. सात-आठ वर्षांच्या मुलाचा नुकता आलेला पटाशीचा दात करवतीसारखा दिसतो, कारण त्याच्या धारेवर तीन बारीक उंचवटे असतात. आईबाप घाबरतात, पण चावून चावून ते आपोआप झिजतात.

हिशेब सोपा आहे. जबड्याचे चार भाग करायचे. प्रत्येकात दोन पटाशीचे दात, एक सुळा, दोन उपदाढा आणि तीन दाढा असे आठ, म्हणून एकूण 32. डॉक्टर नंबरही याच हिशेबाने देतात. “चार-सहा काढावी लागेल,” हे कानावर पडून पेशंटच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. पण ती काही चार ते सहा दाढांची कत्तल नसते. चार म्हणजे खालचा उजवा भाग आणि सहा म्हणजे मध्यापासून सहावा दात. दाढ एकच.

सुळा हा जबड्याच्या वळणावरचा खांब. त्याचं मूळ सगळ्यांत लांब, वरच्या सुळ्याचं सरासरी 17 मिलिमीटर. म्हातारपणी बाकीचे दात गेले तरी पुष्कळदा सुळे तग धरून असतात. इथे आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. हत्तीच्या लांब दातांना आपण सुळे म्हणतो, पण शरीरशास्त्राच्या हिशेबाने ते वरचे पटाशीचे दात आहेत. तेव्हा एकदंताचा मोडलेला दात सुळा नव्हेच!

उपदाढा दुधाच्या दातांत नसतात. दुधाचे दात 20 असतात, त्यांत दाढा आठ. त्या पडल्या की त्यांच्या जागी उपदाढा येतात. दात वेडेवाकडे असले आणि तारा लावण्यासाठी जागा करायची असली, की बळी बहुधा त्यांचाच जातो.

खरी परीक्षा दाढेची. वरची पहिली दाढ कोरताना भलेभले रडकुंडीला येतात. माथा चौकोनी म्हणावा तर तिरका, त्यावर चार उंचवटे आणि त्यांच्यामधून एक तिरपी कड जाते. आतल्या अंगाला कधीकधी पाचवा छोटा उंचवटा असतो. व्हिएन्नाचे दंतवैद्य गेओर्ग काराबेली यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. खाली मुळं तीन, तिवईच्या पायांसारखी फाकलेली: दोन गालाकडे, एक टाळूकडे. खालच्या पहिल्या दाढेला मात्र दोनच मुळं आणि बहुधा पाच उंचवटे. तोंड मिटलं की वरच्या दाढेचे आतले उंचवटे खालच्या दाढेच्या खळग्यांत बसतात आणि खालच्या दाढेचे बाहेरचे उंचवटे वरच्या खळग्यांत. असा खलबत्ता, ज्यात दोन्ही बाजूंना खलही आहे आणि बत्ताही.

मेणाचा दात आतून भरीव असतो, खरा नसतो. वरचं कवच इनॅमलचं. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतो, आणि दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत भरते. ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येताच संपतात, त्यामुळे झिजलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. आतलं डेंटिन थोडं मऊ, पिवळसर आणि अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेलं. उघड्या पडलेल्या डेंटिनला आइस्क्रीम लागलं की या नळ्यांतला द्रव हलतो आणि कळ थेट मस्तकात जाते. गाभ्यात पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या आणि नसा. त्याला सूज आली तर पसरायला जागाच नाही, भिंती टणक. आडवं झाल्यावर दाढ जास्त ठणकते ती बहुतेक यामुळेच.

आणि दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरचा तंतूंचा थर असतो, त्यावर दात झुल्यासारखा टांगलेला. भातातला खडा चटकन कळतो तो या थरातल्या संवेदनेमुळे. तारांनी दात सरकतात तेही या थरामुळेच.

इतकं सगळं असून सर्वांत दुर्लक्षित दाढ कोणती? पहिली कायमची दाढ, म्हणजे डॉक्टरांची ‘सहा नंबर’. तिचं इनॅमल साधारण मूल जन्मतं त्याच सुमारास जबड्यात आकार घ्यायला लागतं. ती उगवते मात्र सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पाडता. दुधाचा दात पडला तर तो कौलावर भिरकावण्याची रीत होती. या दाढेच्या येण्याचा असा कुठलाच गाजावाजा होत नाही. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, आणि तिच्या खोल खाचांत अन्न अडकून कीड लागली की “पडेल तेवढ्यात, दुसरी येईल” असं म्हणून सोडून दिली जाते. तिच्या जागी दुसरी येत नाही.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन त्याला ‘आ’ करायला लावा आणि मधल्या फटीपासून एका बाजूचे दात मोजा. सहावा दिसला, तर तो कायमचा आहे.