बर्फ एकीकडे, भेग दुसरीकडे

थंड प्रदेशात घरातला पाइप फुटला की प्लंबर येतो, भिंत किंवा छत उघडतो आणि भेग शोधतो. ही भेग पुष्कळदा बर्फ जमला होता त्या जागी नसतेच. बर्फ पोटमाळ्यावरच्या थंड कोपऱ्यात जमलेला असतो आणि पाइप फाटलेला असतो तिथून काही फूट पुढे, नळाच्या बाजूला, जिथे पाणी अजून पाणीच होतं. आपल्याकडे शाळेत शिकवलेलं उत्तर असं की, पाणी गोठताना फुगतं आणि त्यामुळे पाइप फुटतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. राहिलेला अर्धा भाग ठाऊक नसेल तर उपाय चुकतात.

गोठताना पाणी आकारमानाने सुमारे ९ टक्के वाढतं, हे खरं. परंतु दोन्ही टोकांना मोकळ्या असलेल्या नळीत बर्फ धरू लागला तर तो लांबीच्या दिशेने सरकतो, पुढचं-मागचं पाणी ढकलतो आणि नळीच्या भिंतीवर फारसा जोर येत नाही. घरातली नळी मात्र एका टोकाला बंद असते, म्हणजे नळ बंद असतो. बर्फाने मध्ये बूच मारलं की बूच आणि नळ यांच्यामधलं पाणी कोंडतं. त्यानंतर बुचाची जी वाढ होते ती या कोंडलेल्या पाण्याला दाबते, आणि पाणी दाबून घ्यायला भलतंच नाखूश असतं. त्याचं आकारमान अवघं १ टक्का कमी करायचं तर सुमारे २०० वातावरणांइतका दाब लागतो. घरच्या नळात एरवी असतो तीन ते पाच वातावरणांचा. तेव्हा बर्फ थोडासा जरी वाढला तरी त्या बंद तुकड्यात दाब प्रचंड चढतो आणि त्यातली सगळ्यात कमकुवत जागा, एखादा सांधा किंवा पातळ झालेली भिंत, उकलते. गंमत अशी की तेव्हा काहीच कळत नाही, कारण बुचाने मागचं पाणी अडवून धरलेलं असतं. ऊन पडतं, बूच वितळतं आणि मग घरात धो धो पाणी सुरू होतं. थंडी सरल्याच्या आनंदाच्या दिवशीच लोकांची छतं कोसळतात ती यामुळे.

बर्फाच्या या ताकदीची परीक्षा माणसाने फार पूर्वीपासून केली आहे. फ्लॉरेन्सच्या ‘अकादेमिया देल चिमेंतो’ या प्रयोगशील मंडळींनी आपल्या प्रयोगांचा ग्रंथ १६६७ साली छापला. त्यात धातूच्या बंद भांड्यांत पाणी गोठवून ती फोडल्याची वर्णनं आहेत. मला मात्र याहून बोलका वाटतो तो क्वेबेकमधला प्रयोग. तोफखान्यातले मेजर एडवर्ड विल्यम्स यांनी १७८४-८५च्या हिवाळ्यात लोखंडी बॉम्बगोळ्यांच्या पोकळ कवचांत पाणी भरलं, तोंडाला लोखंडी बूच ठोकलं आणि ते उघड्यावर ठेवून दिले. काही गोळ्यांची बुचं उडून दूर जाऊन पडली आणि तोंडातून बर्फाचा दांडा बाहेर आला. ती कवचं शाबूत राहिली. बूच हलणारच नाही असं पक्कं केलं, तेव्हा कवच तडकलं. बर्फ तोच, लोखंड तेच, थंडी तीच. फरक होता तो वाट मिळाली की नाही एवढाच.

पाणी शून्य अंशावर गोठतं, हेही घरातल्या पाइपाच्या बाबतीत जसंच्या तसं लागू पडत नाही. नळीतलं शांत पाणी शून्याच्या खाली काही अंश जाऊनही द्रवच राहू शकतं. मग एखाद्या क्षणी त्यात बर्फाची पिसांसारखी फांदी-फांदी पसरते आणि थोडक्या बर्फातच सगळी नळी अडते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गिलपिन यांनी १९७०च्या दशकात या पिसाऱ्याचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या इमारत संशोधन केंद्राने १९९०च्या दशकात घरासारखी रचना करून पाइप गोठवून पाहिले. त्यांच्या निष्कर्षानुसार पोटमाळ्यावरच्या उघड्या पाइपांना खरा धोका सुरू होतो तो बाहेरचं तापमान सुमारे उणे ७ अंशांवर उतरल्यावर. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत इशारा देण्यासाठी हाच आकडा आजही वापरतात.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिमदव पडल्याची छायाचित्रं दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत येतात. तिथे नळ का फुटत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. निरभ्र रात्री गवताची पाती आणि मोटारींचे टप आपली उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून त्यांच्यावर दव गोठतं. हवा मात्र शून्याच्या वरच असते आणि हा खेळही पहाटेच्या काही तासांचा. पाइपातलं पाणी गोठायला इतकी थंडी पुरत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो राहिलेला नाही. या अंकाच्या कित्येक वाचकांची मुलं-नातवंडं डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिनला नांदताहेत. फेब्रुवारी २०२१च्या मध्यावर टेक्सासवर जी थंडी कोसळली, ती त्यांनी भोगली आहे. १६ फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर पारा उणे १९ अंशांपर्यंत उतरला. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे वीज तुटायला लागली आणि ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात गेली. राज्य सरकारच्या मोजणीनुसार २४६ माणसं दगावली.

याहून कितीतरी कडक थंडी मिनेसोटात दरवर्षी पडते आणि तिथे असा हाहाकार उडत नाही. मिनेसोटात पाण्याच्या मुख्य वाहिन्या जमिनीखाली सात-आठ फूट असतात, कारण माती तितकी खोल गोठते. घरातले पाइप उबदार भिंतींच्या आतल्या अंगाने नेतात. टेक्सासमध्ये घर बांधताना चिंता असते उन्हाळ्याची. पाइप बाहेरच्या भिंतीतून किंवा बिनगरम पोटमाळ्यावरून नेणं तिथे स्वस्त आणि सोयीचं ठरलं. वर घालतात ते वेष्टन, त्याच्याबद्दलही एक गैरसमज आहे. वेष्टन ऊब निर्माण करत नाही, असलेली ऊब उशिरा जाऊ देतं. एका रात्रीच्या थंडीत ते तारून नेतं. वीज गेलेल्या घरात तीन दिवस थंडी मुक्कामाला राहिली की वेष्टन घातलेला पाइपही शेवटी हवेइतकाच थंड होतो.

मग करायचं काय? पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय म्हणजे बाहेरच्या भिंतीकडचा नळ बारीक सोडून ठेवणं. त्याने पाणी वाहतं राहतं म्हणून गोठत नाही, असं लोक समजतात. थोडंफार ते खरं आहे, पण त्या बारीक धारेचं मोठं काम वेगळंच आहे. वर कुठे बूच बसलंच तरी नळाकडचं पाणी कोंडत नाही, त्याला बाहेर पडायला वाट असते. विल्यम्सच्या उडालेल्या बुचाचं काम तो सैल नळ गुपचूप करत असतो. म्हणूनच गोठलेला पाइप सोडवतानाही आधी नळ उघडायचा आणि केस वाळवायच्या यंत्राची ऊब नळाकडून आत सरकवत न्यायची. ज्योतीने पाइप तापवण्याच्या नादात घरं जळालेली आहेत.

परंतु २०२१मध्ये या शहाण्या उपायाची दुसरी बाजूही दिसली. हजारो नळ ठिबकत होते, त्यात फुटलेल्या पाइपांतून पाणी वाया जात होतं, आणि जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेलेली. शहरांच्या वाहिन्यांतला दाबच पडला. ह्यूस्टनच्या प्रशासनाला लोकांना सांगावं लागलं की, नळ ठिबकत ठेवू नका. रुग्णालयांना आणि अग्निशामक दलाला पाणी हवं आहे. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना पाणी उकळून प्या, अशा सूचना गेल्या. एका घराचं रक्षण करणारी गोष्ट सगळ्या गावाने एकदम केली की गाव कोरडं पडतं. माझ्या मते अशा वेळी खरा उपाय एकच: मुख्य चावी बंद करायची, घरातले सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे नळ उघडायचे आणि पाइप रिकामे करायचे. रिकाम्या पाइपात गोठायला काही नसतं. त्यासाठी चावी कुठे आहे हे ठाऊक हवं. टेक्सासमध्ये ती बहुधा रस्त्याकडेला, मीटरजवळ, जमिनीतल्या झाकणाखाली असते. आणि अंधारात, बर्फात, पहिल्यांदाच ती शोधायला निघणं म्हणजे काय, हे त्या आठवड्यात पुष्कळांना कळलं. फोनवर मुलाला ‘जेवलास का?’ विचारतो, तसं एकदा ‘पाण्याची मुख्य चावी कुठे आहे रे?’ हेही विचारायला हरकत नाही.

ठिबकणाऱ्या नळाच्या वाया जाणाऱ्या पाण्याने एका माणसाला मात्र निराळीच वाट दाखवली, आणि तीही आपल्याच देशात. लेहमध्ये हिवाळ्यातल्या रात्री उणे १५-२० अंशांच्या असतात. तिथे उघड्यावरचे नळ एकतर बंदच करावे लागत आणि टँकरने पाणी पुरवावं लागे, किंवा ते सुरू ठेवायचे तर वाहते सोडावे लागत. छेवांग नॉर्फेल हे लडाखच्या ग्रामविकास खात्यातले स्थापत्य अभियंता. गोठून फुटू नये म्हणून सोडून ठेवलेल्या अशाच एका नळाचं पाणी जमिनीवर सावकाश पसरत थिजत चाललेलं त्यांनी पाहिलं. लडाखच्या शेतकऱ्याची अडचण अशी की पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये, आणि उंचावरच्या हिमनद्या वितळू लागतात त्यानंतर. हिवाळ्यात ओढ्याचं पाणी नुसतंच वाहून जातं. नॉर्फेल यांनी ते पाणी गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सावलीत वळवलं, दगडी बांध घालून संथ केलं आणि थरावर थर गोठू दिलं. गावाच्या जवळ, कमी उंचीवर असल्याने हा बर्फ आधी वितळतो. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सोनम वांगचुक यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात सुरू केलेला बर्फाचा स्तूप याच कल्पनेची पुढची पायरी. उंचावरून पुरलेल्या पाइपाने पाणी खाली आणायचं, उताराच्या दाबानेच ते कारंज्यासारखं उडवायचं आणि हवेतल्या हवेत गोठवून शंकूच्या आकारात साठवायचं. शंकूला ऊन कमी लागतं, म्हणून तो उशिरापर्यंत टिकतो. या सगळ्या खटाटोपात रात्री-अपरात्री जागून एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. बाहेर बर्फ जितका होईल तितका हवा असतो, पण पाइपाच्या आतलं पाणी थांबता कामा नये. धार मंदावली की कुणीतरी कुडकुडत वर चढतं आणि बूच कुठे बसलं ते शोधू लागतं.