आयरिश शिकायची, तर आधी बोली ठरवा

डब्लिनमध्ये बसवर ‘अन लार’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ शहराचा मध्यभाग, एवढं तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींना लवकरच कळतं. पुढची आयरिश घरबसल्या, बरीचशी फुकट शिकता येते. घोटाळा होतो तो क्रमात.

ॲप उघडण्याआधी आपण बोली निवडावी. मुख्य बोली तीन: मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर. ‘कसे आहात?’ हे साधं विचारणंही तिन्हीकडे वेगळं आहे. 1958 साली ठरलेली प्रमाणभाषा लेखनासाठी आहे, ती कुणाच्या घरची बोली नव्हे. बोली न ठरवता शिकणाऱ्याच्या तोंडी तिन्हींची खिचडी बसते.

मग कान. टँगलन डॉट आयई या कोशस्थळावर अनेक शब्द तिन्ही बोलींत ऐकता येतात. उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचा मोह टाळा. तिथला ‘ख’ आपल्या खडूतला नाही, घशातून घासत येणारा आहे.

रोजच्या सवयीला ड्युओलिंगो बरं. त्यात आयरिश 2014 पासून आहे, पण नियम समजावण्यात ते तोकडं पडतं.

खरी अडचण कोश पाहताना येते, कारण आयरिशमध्ये शब्दाची सुरुवातच बदलते. मांजर म्हणजे ‘कत’, माझं मांजर ‘मो खत’, आमचं मांजर ‘आर गत’. लिहिताना पहिल्या वेळी सीनंतर एच येतो, दुसऱ्या वेळी सीच्या आधी जी. नवशिका ते बदललेलं रूपच शोधतो आणि भलतीकडे पोचतो. दुसरं अक्षर एच असेल तर ते काढून पाहावं. सुरुवातीला जी-सी, एम-बी किंवा एन-डी दिसलं तर पहिलं अक्षर सोडावं. बहुतेक वेळा मूळ शब्द हाती लागतो.

स्वरावरची तिरकी रेघ, म्हणजे ‘फादा’, गाळू नका. ती नसेल तर ‘शॅन’, म्हणजे जुना. असेल तर ‘शॉन’, माणसाचं नाव. फोनवर स्वराची कळ दाबून धरली की ती मिळते.

इंग्रजीतून आयरिश शब्द हवा असेल तर फोक्लोर डॉट आयई पाहावं, तिथे उदाहरणवाक्यं असतात. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबून काही गोंदवून तर मुळीच घेऊ नये!

थोडी ओळख झाली की रेडिओ ना गेलटाख्टा लावा. 1972 पासूनचं हे केंद्र डोनेगल, कॉनेमारा आणि केरी या आयरिशभाषक भागांतून बोलतं. अल्स्टरची बोली निवडली असेल तर डोनेगलचे कार्यक्रम ऐकावेत, कॉनॉटची असेल तर कॉनेमाराचे, मन्स्टरची असेल तर केरीचे. सुरुवातीला बातम्याच बऱ्या: विषय ठाऊक असतो, नावं ओळखीची असतात, आणि निवेदक घाई करत नाहीत.