कात्री कोठे चालवावी?

बडोद्यातील आमच्या लहानशा वाचनालयाचे संकेतस्थळ आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उभारले आणि इतर मंडळांच्या उपयोगी पडावी म्हणून त्या खटाटोपाची चित्रफीतही केली. साध्या मराठीत मागणी लिहावी आणि यंत्राने एचटीएमएल व सीएसएसचा मजकूर झरझर पुढे ठेवावा, हे पाहताना मौज वाटते. आंद्रेज कार्पथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये या रीतीला ‘व्हाइब कोडिंग’ हे नाव दिले.

खरी कसोटी लागली ती संकलनात. तीन तासांचे चित्रण बारा मिनिटांत बसवायचे होते. यंत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात गेलेला वेळ, मोबाइलवर पुस्तकांची यादी पडद्याबाहेर पळाली तो प्रसंग, सारे निःशंकपणे कापले. एका जागी मात्र हात अडखळला. ‘आमच्याविषयी’ या पानासाठी यंत्राने वाचनालयाचा इतिहास स्वतःच रचला होता: संस्थापकांचे नाव, स्थापनेचे साल, उद्घाटनाचे पाहुणेसुद्धा! भाषा इतकी प्रौढ की आमच्यापैकी दोघांनी ‘वा!’ म्हटले; ती दाद चित्रफितीत ऐकूही येते. इतिवृत्ताच्या जुन्या वहीशी ताडून पाहिले तेव्हा चूक उमगली. शब्दामागून संभाव्य शब्द मांडणाऱ्या यंत्राने आमची वही पाहिली होती कोठे?

तो भाग वगळता तर चित्रफीत देखणी झाली असती; पण ती पाहून दुसरे एखादे मंडळ असाच बनावट इतिहास आपल्या नावावर छापून मोकळे झाले असते. तो प्रसंग आम्ही ‘वा!’सकट ठेवला, आणि आरंभी पाटी घातली: ‘प्रत्यक्ष काम तीन तास.’