व्यंगचित्रातील चेहरे

भित्तिपत्रकात यंदापासून व्यंगचित्रांसाठी एक कोपरा राखून ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. चित्रकला येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे रोडॉल्फ टॉपफर नावाचे शिक्षक होऊन गेले. चित्रकथांच्या जनकांत त्यांची गणना होते. चेहरा कितीही ओबडधोबड काढला तरी त्यात काही ना काही भाव उतरतोच, असे त्यांनी १८४५ साली एका पुस्तिकेत मांडले.

तुम्हीही करून पाहा. वहीवर पाच सारखी वर्तुळे काढा. प्रत्येकात डोळ्यांसाठी दोन टिंबे आणि नाकाची छोटी रेघ द्या. आता फक्त भुवया आणि तोंड बदलायचे.

भुवयांची नाकाकडची टोके खाली ओढली आणि तोंडाची रेघ सरळ, घट्ट ठेवली की राग दिसतो. तीच टोके वर उचलून ओठांचे कोपरे खाली वळवले की दुःख. भुवया उंच आणि तोंड गोल केले की आश्चर्य. हसू मात्र केवळ ओठांनी साधत नाही. माणूस मनापासून हसतो तेव्हा गाल वर सरकतात व डोळे बारीक होतात. म्हणून चौथ्या वर्तुळात टिंबांऐवजी लहान कमानी काढा. पाचव्यात रागाच्या भुवया आणि हसरे तोंड एकत्र आणा. कपटी चेहरा तयार! दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर उभा राहणारा नरकासुर आठवून पाहा.

हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात एकट्या भुवयांच्या सात हालचाली सांगितल्या आहेत. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' कधी बोलत नाही. चष्म्यावर चढलेल्या भुवयांतूनच त्याची थक्क अवस्था आपल्याला कळते. आपल्या गोव्यातील लोटलीचे मारियो मिरांडा (१९२६–२०११) यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. तरी त्यांनी रेखाटलेल्या बाजारातील गर्दीत प्रत्येक चेहरा वेगळा दिसतो. माणसे न्याहाळण्याची सवय हीच त्यांची शाळा.

आता मुख्य मुद्दा. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. शुद्ध हिंदीत 'व्यंग्य' म्हणजे उपरोध आणि 'व्यंग' म्हणजे शारीरिक वैगुण्य. मराठीत दोन्हींसाठी 'व्यंग' हाच शब्द वापरला जातो आणि मुलांची गफलत होते. कुणाचे पुढे आलेले दात, तिरळा डोळा किंवा काळा रंग काढला की व्यंगचित्र झाले, असे त्यांना वाटते. ते व्यंगचित्र नव्हे, ते चिडवणे झाले. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रे बहुधा शब्दांविनाच असतात. त्यांतले हसू प्रसंगातून येते.

राग निवळतो, भीती जाते. नाक मात्र बदलता येत नाही. म्हणून भित्तिपत्रकासाठी आमचा एकच नियम राहील: भाव काढा, वैगुण्य नको. वर्गातल्या कुणाचे चित्र काढले असेल तर ते आधी त्यालाच दाखवा. तो हसला तरच आमच्याकडे द्या.

पालकांना विनंती की, वहीच्या समासात चेहरे दिसले तर लगेच रागावू नये. "याला काय झालंय रे?" एवढेच विचारावे. जे मूल तोंडाने सांगत नाही, ते कदाचित त्या चेहऱ्याच्या निमित्ताने सांगेल.